पाण्यामागं जा : सातारा-सांगलीतल्या न्याऱ्या जागा बघायच्या कशा

साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. पार्टी गाडीत बसली की पहिला प्रश्न ठरलेला, "एका दिवसात किती पॉइंट होतील?" मी म्हणतो, पॉइंटच करायचे असतील तर महाबळेश्वर आहेच की. तिथं जाऊन कणीस खा, स्ट्रॉबेरी खा, परत या. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काही गोष्टी अशा आहेत की त्या बघायला माणसानं मुद्दाम वाट वाकडी करावी. आणि त्या बघायची रीत माहीत नसेल तर माणूस दहा मिनिटांत फोटो काढून "एवढंच होय?" म्हणत परत एसीत येऊन बसतो. पार्टीचा दोष नाही. कुठं उभं राहायचं आणि काय बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझी रीत साधी आहे. कुठंही उतरलात की आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते शोधा. आमच्याकडं निसर्गानं किंवा माणसानं जे काही अचाट करून ठेवलंय, त्यातलं बहुतेक पाण्यापायीच झालंय. पाणी सापडलं की बाकीचं कोडं आपोआप सुटत जातं.

महिना आधी, ठिकाण नंतर

लोक आधी सुट्टी काढतात आणि मग विचारतात, आता काय बघू? उलटं करा. फुलं बघायची तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, तीही शनिवार-रविवार सोडून. रविवारी कासच्या रस्त्यावर फुलं कमी आणि बंपर जास्त दिसतात. जुन्या विहिरी, घाट, देवळं बघायची तर दिवाळीनंतर. हळदीचा हंगाम फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात. कोयनेचा जोर बघायचा तर भर पावसात, पण तेव्हा घाटात धुकं इतकं दाट असतं की समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसला तरी नशीब. फॉग लॅम्प नसलेली गाडी घेऊन जुलैत येऊ नका. आलातच तर ड्रायव्हरला घाई लावू नका.

लिंबची बारामोटेची विहीर

पुण्याकडून येताना साताऱ्याच्या अलीकडं लिंब फाटा लागतो. तिथून आत वळायचं. साताऱ्यापासून धरलं तर सोळा-एक किलोमीटर. शेतातून जाताना शंका येईल की रस्ता चुकला. चुकलेला नसतो.

इथं सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, हे मी प्रत्येक पार्टीला सांगतो. विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. सकाळी आत नुसता अंधार. अकरा ते एकच्या मध्ये जा, ऊन सरळ पाण्यापर्यंत उतरतं आणि दगडाचा थर न थर दिसतो.

पायऱ्या उतरण्याआधी वरून एक चक्कर मारा. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांचा लांब भाग, आणि सगळं मिळून वरून शिवलिंगाचा आकार दिसतो. या दोन भागांच्या मधोमध चक्क महाल बांधलाय. खाली पाणी, वर महाल, आणि त्याच्याही वर मोटा. राजस्थानातल्या बावड्या बघायला विमानानं जाणारी मंडळी माझ्या गाडीत असतात. त्यांना इथं आणलं की काही वेळ बोलणं बंद होतं.

आता मोटेचं. शहरातल्या पोरांना मोट माहीत नसते, म्हणून काठावर उभं करून सांगावं लागतं. चामड्याची मोठी पिशवी, तिला खालच्या बाजूला सोंड. पिशवीला जाड नाडा, सोंडेला सोंदूर म्हणजे बारीक दोर. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, पुढं गेले की मोट वर येते, सोंड थारोळ्यात म्हणजे काठावरच्या कुंडात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं. मग बैल मागं मागं सरकत परत धावेच्या वरच्या टोकाला, मोट पुन्हा पाण्यात. असं एका वेळी बारा ठिकाणी चालायचं, म्हणून बारामोटेची. काठावर फिरून मोटेच्या जागा स्वतः मोजा. पोरांना मोजायला लावा, तेवढा वेळ ती शांत बसतात. मग त्यांना विचारा, बारा मोटांचे बैल एकमेकांना न अडखळता फिरायला केवढी जागा लागत असेल? तिथं विहिरीचा खरा आवाका कळतो.

पाणी कशासाठी? आमराईसाठी. विहीर बांधली वीरूबाई भोसले यांनी. १६४१ ते १६४६ असे आकडे तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतील आणि लोक त्यांना इसवी सन समजून थेट शहाजीराजांच्या काळात जाऊन पोचतात. ते शक आहेत. त्यात ७८ मिळवा, म्हणजे १७१९ ते १७२४. शाहू महाराजांचा काळ, सातारा राजधानी असतानाचा.

मग खाली उतरा. दारावरची शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं बघा. महालात जायला भिंतीत लपवलेला अरुंद जिना आहे, डोकं सांभाळून चढा. वरच्या खांबांवर हत्ती, घोडेस्वार, मारुती असं बरंच कोरलंय. आणि मग जरा बसा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी महालात गारवा असतो, खालचं पाणी आणि जाड दगड मिळून हे काम करतात. दुपारी इथं बसून राज्याची कामं बघणाऱ्यांना काय सुचलं होतं ते तिथंच उमगतं.

एक विनंती. पाण्यात दगड टाकून खोली बघू नका. गावातली माणसं विहीर राखतात, त्यांना ते आवडत नाही आणि मलाही नाही.

वाई : देवळाच्या मागं जा

लिंबवरून वाई जवळच. ढोल्या गणपती सगळे पुढून बघतात. एकाच दगडातली थोरली मूर्ती, नमस्कार, फोटो, बाहेर. तुम्ही दर्शन घ्या आणि मग देवळाला वळसा घालून मागं जा. १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी हे देऊळ बांधलं ते कृष्णेच्या अगदी घाटावर, म्हणजे पुराच्या तोंडाशी. म्हणून मागची भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, टोकदार केली. पुराचं पाणी आलं की त्या टोकावर आपटून दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीवरच्या जुन्या पुलांचे खांब बघा, पाणी येतं त्या बाजूला तेही असेच टोकदार केलेले असतात. इतके पूर आले, देऊळ जागेवर आहे.

मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. अंगावर १७०७ साल आहे ते शोधा. चर्चसाठी ओतलेली घंटा महादेवाच्या दारात वाजते, यात इथं कुणाला काही वेगळं वाटत नाही, ते मला फार आवडतं. घाटावर सिनेमाचं शूटिंग चालू असेल तर मात्र गाडी लांब लावावी लागते.

कास : उभं राहून बघू नका

कासला येणारी निम्मी माणसं नाराज होऊन जातात, कारण त्यांनी मोबाईलवर जांभळे गालिचे बघितलेले असतात. फोटो खोटे नसतात. पण गालिचा दिसणं हे पावसावर, उन्हावर आणि त्या आठवड्यावर अवलंबून. गालिच्याच्या भरवशावर येऊ नका. गुडघ्यावर बसायच्या तयारीनं या.

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटानं वर, पंचवीसेक किलोमीटर. हंगामात ऑनलाइन बुकिंग करूनच निघा. वर सगळा जांभा दगड. खाली काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्याच्यावर ही जांभ्याची टोपी. माती कुठं वीतभर, कुठं बोटभर, कुठं नाहीच. त्यामुळं मोठं झाड मूळ धरत नाही. पावसाचं पाणी खाली मुरायला वाट नाही म्हणून खळग्यांत साठतं, आणि पाऊस संपला की पंधरवड्यात सगळं कोरडं ठाक. जे काही उगवायचं, फुलायचं, बी धरायचं ते या मधल्या वेळात. म्हणून इथली फुलझाडं अशी घाईत असतात. साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलवनस्पती इथं नोंदल्या गेल्यात, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

येताना स्टेशनरीच्या दुकानातून एक भिंग घेऊन या. महागाच्या कॅमेऱ्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. ओलसर खळग्याच्या कडेला निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा पट्टा दिसला की ती सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. त्याच्याच आसपास दवबिंदू शोधा. लालसर केसाळ पानं, प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. सकाळचं दव उन्हानं उडून जातं, हे थेंब दुपारीही तसेच. भिंग धरलंत तर एखादा चिलट अजून पाय हलवताना सापडतो. पान हळूहळू त्याच्याभोवती वळत असतं, पण ते बघायला धीर पाहिजे. वनस्पतीनं किडे का खावेत? कारण या दगडावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नाहीच, पावसानं धुऊन नेलेलं. मातीतून मिळत नाही ते किड्यातून घ्यायचं.

रंगांचा क्रम लक्षात ठेवा. पावसाच्या सुरुवातीला पांढरा जोर, जमिनीतल्या आमरी म्हणजे ऑर्किड आणि चवर. सप्टेंबरात पांढरे गेंद, गुलाबी तेरडा आणि जांभळी आसवं. ऑक्टोबरकडं झुकलं की सोनकी आणि कावळा, सगळं पिवळं. कावळ्याच्या फुलाला पोरं मिकी माउस म्हणतात, बघितलं की कळतं का ते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तिचं साल जमलं तर तुमचं भाग्य. पाण्याच्या डबक्यात वायतुऱ्याचा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला तुरा दिसतो. तो या भागाबाहेर जवळपास कुठं नाही, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

पाऊलवाट सोडायची नाही. मोबाईलच्या रील व्हिडिओसाठी फुलांत लोळणारे मी बघितलेत. तुडवलेल्या जागी माती दबते आणि पुढच्या वर्षी फारसं काही येत नाही.

परतताना वेळ असेल तर ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, वाट वेगळी आहे पण सातारकर दोन्ही एका दिवसात बसवतात. पवनचक्की लांबून सगळेच बघतात. सडक जिथून जवळून जाते तिथं इंजिन बंद करून काच खाली करा, पात्याचा घसघस आवाज ऐका, झालं.

हंगाम नसेल तर कासऐवजी पाटेश्वरला जा. देगावच्या बाजूनं गाडी लावून चढायचं, बॅटरी न्यायची. लेण्यांत आणि देवळांत इतक्या तऱ्हेच्या पिंडी आहेत की मोजायचा नाद सोडावा लागतो, एकेका दगडावर बारीक पिंडींच्या ओळी. अग्निवृषाची मूर्ती चुकवू नका, बैल आणि माणूस एकत्र केलेली अग्नीची मूर्ती मी दुसरीकडं बघितलेली नाही.

कराड आणि कोयना : पाणी वळवलेलं बघा

दोन नद्या मिळतात तेव्हा एक कडेनं येऊन दुसरीत शिरते, असं आपण बघतो. कराडला कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना थेट तिच्या समोरून. तोंडाला तोंड. दोघी भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ उभं राहिलं की दोन्ही प्रवाह एका नजरेत येतात. पावसात कोयनेतून पाणी सोडलं असेल तर दोन्हींचे रंग बघा.

इथं जेवून घ्या. अख्खा मसूर आणि भाकरी. तांबडा रस्सा कोल्हापुरात जाऊन खा.

मग पाटणमार्गे कोयनानगर. धरण १०३ मीटर उंच, मागं शिवसागर, साठा १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. धरणावर सोडत नाहीत, फोटोलाही बंधनं आहेत, तेव्हा नेहरू उद्यानातून बघा आणि चौकीवाल्यांशी वाद घालू नका. पण खरं नवल डोळ्यांना दिसत नाही, ते समजून घ्यावं लागतं. कोयना मुळात पूर्वेची नदी. तिचं पाणी कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. माणसानं सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून त्यातलं बरंचसं पाणी पश्चिमेला कोकणात सोडलं. वरून खाली पडताना ते वीज देतं, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट, आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. अर्ध्या भारताची उलटी यात्रा. १३ मार्च १९९९ ला तर भरल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं, लेक टॅपिंग म्हणतात त्याला, आशियातलं पहिलं. हे सगळं उमजायला कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबा. पाठीमागं कोयनेचं खोरं, समोर खाली कोकणातलं पोफळी. आपण उभे आहोत तो डोंगर पोकळ करून पाणी तिकडं नेलंय, एवढं मनात धरलं की घाट वेगळा दिसतो.

आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेच्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली. जलाशयामुळं चालना मिळालेल्या भूकंपांत हा जगातला सगळ्यात मोठा मानला जातो. जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ या खोऱ्याचा अभ्यास करतात, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी संशोधन केंद्र आहे. पाटण भागातल्या घरांत अजून बारीक धक्के बसतात. चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या माणसाजवळ बसलात तर विषय तुम्ही काढायचीही गरज नाही.

हरिपूर : पायाखालची कोठारं

सांगलीत आलात की बहुतेक जण गणपती मंदिर करतात, भडंग घेतात आणि निघतात. तुम्ही हरिपूरला जा, शहराला लागूनच आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळदीची पेवं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर तोंड इतकं अरुंद की एक माणूस जेमतेम उतरेल, आत मात्र घागरीसारखा फुगलेला पोटाचा भाग, दोन-तीन पुरुष खोल. आतून सारवायचं, पाला-पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. आत हवा नाही, ओल नाही, त्यामुळं कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. हे सगळीकडं का जमत नाही? कारण माती. कृष्णेकाठची इथली माती घट्ट आणि चिवट, खणली तरी ढासळत नाही आणि पाणी आत झिरपू देत नाही. दगड नाही, वीट नाही, सिमेंट नाही.

उघडतानाची रीत तिथल्या एका जुन्या हमालानं मला सांगितली. "पाव्हणं, तोंड उघडलं म्हंजी लगीच उतरायचं न्हाई." फरशी काढून पेव काही तास तसंच ठेवायचं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत बारीक होऊन विझली तर आत माणसाला श्वास मिळणार नाही. कंदील वर ओढायचा आणि थांबायचं. ज्योत तळापर्यंत सरळ राहिली की मगच माणूस.

ज्या नदीनं ही माती आणून दिली तिनंच पेवं बुडवली. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं खचली, हळद गेली. त्यानंतर व्यापार गोदामांकडं आणि शीतगृहांकडं वळला. म्हणून इथं तिकीट, फलक, गाइड काही शोधू नका. जागा खाजगी आहेत. गावात कुणालातरी नीट विचारा, "मामा, एखादं जुनं पेव बघायला मिळंल का?" दाखवलं तर दाखवलं. पोरांचा हात सोडायचा नाही, आणि उघड्या तोंडातून आत उतरायचं तर अजिबात नाही, कुणी हो म्हटलं तरी. हंगामात मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा, तिथं मात्र तोंडाला रुमाल बांधा. कपडे पिवळे होतात ते वेगळं.

मिरज, पाण्याशी संबंध नसलेलं

माझ्या नियमात न बसणारी एक जागा. सांगलीला लागूनच मिरज, तिथं दर्ग्याच्या आसपास सतारमेकर मंडळींची दुकानं. पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार कारागीर, हत्यारांचा काळ सरला तसे वाद्यांकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दुकानात माळ्यावर टांगलेले दिसतील, चपटे, मोठे, वाळून हलके झालेले.

विकत घ्यायचं नसेल तर आधीच सांगा, कारागीर रागवत नाहीत. एकच गोष्ट मागा, "जवारी काढताना बघू का?" जवारी म्हणजे तारेचा भरीव, गुंजणारा नाद. तारा टेकतात त्या घोडीचा सपाट माथा कानसेनं नखाएवढ्या फरकानं घासतात, तार चढवतात, छेडतात, परत उतरवून घासतात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा योग्य जागी येईपर्यंत तार नुसती टणटण करते, आणि केसभर पुढं गेला की आवाज एकदम उघडतो, भरून राहतो. डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकवायला सांगा. त्यानंतर दर्ग्यात जाऊन किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी जा.

परतीचं एक सांगतो. नोव्हेंबर ते मार्च या पट्ट्यात ऊसतोड चालू असते. अंधार पडला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं दिवा असतोच असं नाही, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतात. इस्लामपूर-आष्टा-सांगली रस्त्याला तर रांगा लागतात. मिरजेतून चारच्या आत निघा. उशीर झालाच तर मिरजेतच मुक्काम करा, जंक्शनजवळ लॉजला तोटा नाही, आणि ड्रायव्हरच्या झोपायची सोय आधी विचारून घ्या.